पायथनमधून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रेकॉर्ड टाकताना डेटा टाइप कसे सांभाळाल?

आधी कॉलम नीट ठरवा. मोबाइल नंबरला टेक्स्टच हवा: इंटिजरची मर्यादा 2147483647, त्यात आपला 9 ने सुरू होणारा 10 अंकी नंबर मावतच नाही.

रकमेला न्यूमेरिक(10,2) द्या (एकूण 10 अंक, त्यातले 2 दशांशाचे) आणि कोडमध्ये फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवला जाणारा दशांश आकडा, अजिबात वापरू नका, तिथे 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं. पायथनचा अचूक दशांश प्रकार डेसिमल घ्या, तोही स्ट्रिंगमधून बनवा. फ्लोटमधून बनवलात तर ती चूक जशीच्या तशी त्यात उतरते, आणि हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

फॉर्ममधून आलेली रिकामी स्ट्रिंग डेट कॉलम नाकारतो. तिच्या जागी पायथनचं ‘नन’ (None) पाठवा, म्हणजे नल (NULL, ‘व्हॅल्यू नाही’) साठवलं जाईल.

व्हॅल्यू क्वेरीत चिकटवू नका, सायकॉपजीचे (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) प्लेसहोल्डर, म्हणजे व्हॅल्यूच्या जागी लिहायची %s ही खूण, वापरा. त्यांच्याभोवती अवतरणचिन्हं नकोत. व्हॅल्यू टपलमध्ये, म्हणजे कंसातल्या यादीत, वेगळ्या पाठवा; एकच व्हॅल्यू असेल, तर टपलमधला शेवटचा स्वल्पविराम द्यायलाच हवा.