टोर राउटर अपडेट करताय? आधी लाइटीचं बघा

टोर राउटर म्हणजे घरातलं नेट टोर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून पाठवणारी डबी. नागपुरात मे महिन्यात भरदुपारी तिचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला बसू नका. लाइट कधी जाईल नेम नाही, आणि काम अर्धवट राहिलं की ती डबी नुसती वीट होऊन बसते. इन्व्हर्टरवर जोडा, वाय-फायऐवजी लॅन केबल लावा, सेटिंगचा बॅकअप घ्या. अपडेटच्या फाइलचा एसएचए-२५६ (फाइलमध्ये काही बदललं नाही ना, हे दाखवणारा आकडा) अधिकृत आकड्याशी जुळवा. मॉडेलसोबत हार्डवेअर आवृत्तीही बघा. नाव तेच, आतली चिप वेगळी, असंही असतं.

खरी गोम पुढेच आहे. अपडेटमध्ये फायरवॉलचे नियम (सगळं नेट टोरकडेच वळवणारे) पुसले गेले तर नेट झकास चालतं, पण टोरला वळसा घालून! म्हणून टोर सेवा मुद्दाम बंद करून पाहा. तरीही पान उघडलं, तर गळती आहे.