एसएस (स्टेनलेस स्टील) स्प्रिंगचा हुक तुटायचा, त्याचा इलाज

पॅकिंग मशीनच्या टेन्शन स्प्रिंगा सारख्या तुटायच्या, आणि दरवेळी एकाच जागी: हुक वळतो तिथे. तार ३०२ ग्रेडची, कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंड असतानाच ओढून बारीक केलेली. ऑपरेटर म्हणाला, "माल डुप्लिकेट आहे, चुंबक धरतो बघा." पण तार ओढताना या स्टीलचा काही भाग मार्टेन्साइट (चुंबकाला ओढली जाणारी कठीण रचना) होतो, त्यामुळे चुंबक थोडा धरतोच.

तुटलेलं टोक भिंगाखाली पाहिलं. वाकाच्या आतल्या बाजूला, हुक ज्या पिनेवर वळवतात तिचा बारीक ओरखडा, तडा तिथूनच सुरू. सुरुवातीचा भाग गुळगुळीत, बाकीचा खडबडीत. म्हणजे फटीगच, वारंवार ताण पडून धातू थकून तुटणं. जाड तार वापरून उपयोग नव्हता. तितकंच अंतर खेचताना तिच्यात ताण उलट वाढतो.

हुकाची त्रिज्या वाढवून घेतली, पिन पॉलिश करवली आणि हुक वळवून झाल्यावर, वळवताना तारेत राहिलेला ताण जावा म्हणून, स्प्रिंगा ३५० अंश सेल्सियसला अर्धा तास भट्टीत ठेवायला लावल्या. स्प्रिंगवाला म्युझिक वायरच्या (हाय कार्बन स्टीलची स्प्रिंग तार) सवयीने २५० वरच थांबायचा! भट्टीनंतर स्प्रिंगचं मूळ टेन्शन (न खेचताही वेटोळी एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा ताण) जरा उतरतं, म्हणून वेटोळी आधीच घट्ट गुंडाळायला सांगितली. आता हुक टिकतायत. रंग तेवढा फिकट सोनेरी येतो. तो गंज नव्हे.