‘उजेड दिसला का?’ असं विचारू नका : मरणाच्या दारातून परतलेल्यांची चेहरा न दाखवता मुलाखत कशी करावी

मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या अनुभवांवर व्हिडिओ कसे करावेत हे शिकवणारे बहुतेक जण एकच मंत्र देतात. एआयकडून गोष्ट लिहून घ्या, यंत्राच्या आवाजात वाचून घ्या, मागे पांढऱ्या बोगद्याचं दृश्य लावा आणि दिवसाला दोन व्हिडिओ टाका. हे करू नका. असे व्हिडिओ कोण बघतं? ज्याचा बाप आयसीयूत आहे तो मुलगा रात्री दोन वाजता दवाखान्याच्या जिन्यात बसून बघतो. त्याला न जन्मलेल्या माणसाचा न घडलेला अनुभव दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. चेहरा लपवायला माझी हरकत नाही, पण त्या चेहऱ्यामागे खरा माणूस असलाच पाहिजे.

चाळीसहून जास्त अशा मुलाखती मी केल्या आहेत. कॅमेरा, एडिटिंग, चॅनेल काढणं या गोष्टी तुम्हाला येतात असं धरून पुढचं लिहितो.

माणूस शोधणं

दवाखान्यात जाऊन रुग्णांची नावं मागू नका. ती तुम्हाला मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. ओळखीपाळखीत सांगून ठेवलं की माणसं आपणहून येतात. हृदय बंद पडून परत सुरू झालेले, विहिरीतून काढलेले, विजेचा धक्का बसलेले, साप चावलेले असे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. प्रसंगाला सहा महिने तरी उलटून गेलेले असावेत. त्याआधी माणूस अजून त्यातच असतो.

स्वतःचा जीव घेण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्यांची मुलाखत मी या मालिकेत घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ‘तिकडे फार शांत वाटलं’ हे वाक्य ऐकणाऱ्यांत त्याच विचाराच्या काठावर उभा असलेला कुणी असू शकतो. प्रत्येक व्हिडिओखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

संमती मराठीत, साध्या भाषेत, एका पानावर घ्या. एक सही बोलण्याआधी आणि दुसरी पूर्ण झालेला व्हिडिओ बघितल्यावर. दुसरी सही नसेल तर व्हिडिओ टाकायचा नाही.

आवाज

पंखा बंद, फोन विमान मोडवर, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो परत सुरू करायचं विसरणार नाही. शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्या, एडिटिंगमध्ये लागते.

विचारणं

सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं, आणि मी इथेच बुडालो होतो.

माझी तिसरी की चौथी मुलाखत. साठीचे एक काका. ऊस घेऊन गेले असताना वजनकाट्यापाशी कोसळले. कुणीतरी छाती दाबत राहिलं म्हणून वाचले. बोलायला अवघडले होते, म्हणून मदत करावी असं मला वाटलं. मी विचारलं, “काका, तेव्हा उजेड दिसला का?” म्हणाले, “हो, दिसला की.” “बोगद्यासारखा?” “हां, तसाच.” पुढचा अर्धा तास मी असाच एकेक शब्द पुढे सरकवत गेलो आणि ते तो उचलत गेले. मी खूश होतो. मग काकू चहा घेऊन आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्यांनी उजेडाचं आजवर कधी सांगितलं न्हाई. हे तर सारखं बैलगाडीचं सांगत्यात.”

बैलगाडी! गाडी त्यांचा वारलेला थोरला भाऊ हाकत होता. घुंगरांचा आवाज येत होता. हे मागे बसले होते, आणि ओढ्यापाशी आल्यावर भाऊ म्हणाला, “तू उतर हितं. बैलं दमल्यात.” ते उतरले आणि छातीत कळ आली.

इतकी स्वच्छ गोष्ट त्या घरात होती आणि मी तिच्यावर उजेड ओतून ठेवला होता. काका खोटं बोलत नव्हते. लांबून आलेला शिकलेला पाहुणा काहीतरी विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, एवढंच होतं. आपल्याकडची वडीलधारी माणसं पाहुण्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. तो व्हिडिओ मी केला नाही. दोन वर्षांनी पुन्हा गेलो आणि तोंड बंद ठेवून ऐकलं. काकांनी बैलगाडी सांगितली, भाऊ सांगितला, ओढा सांगितला. पण आता गाडीच्या पुढे उजेड होता. तो मूळचा की माझा, हे आता काकांनाही सांगता येणार नाही.

हे फक्त साध्याभोळ्या माणसांचं होतं असं समजू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा किती होता. ‘आदळल्या’ ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. ‘लागल्या’वाल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, ‘आदळल्या’वाल्या ५० पैकी १६. एका क्रियापदाने एवढं होतं, आणि ही माणसं पूर्ण शुद्धीत फिल्म बघत बसलेली होती.

म्हणून माझा पहिला नियम ‘का’ आणि ‘काय’चा. ‘उजेड दिसला का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, समोरच्याला फक्त मान हलवायची असते. ‘काय दिसलं?’ हाही पूर्ण निर्दोष नाही, कारण काहीतरी दिसलंच असणार असं तो धरून चालतो. कदाचित फक्त ऐकू आलं असेल, फक्त गार वाटलं असेल. सगळ्यात चांगला प्रश्न, आणि आता मी यानेच सुरुवात करतो, हा : “त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा.” सकाळपासून सुरू केलं की माणूस चहा, गोठा, बस, डोक्याला लावलेलं तेल असं एकेक सांगत स्वतःच्या चालीने त्या क्षणाशी पोचतो. तुम्ही त्याला तिथे ढकलत नाही.

त्यानंतर गप्प बसायचं. माणूस थांबला तर मनात दहा अंक मोजा. मोजून होण्याआधी बहुतेक जण पुढे बोलतात, आणि नेमकं तेच आधी कुणाला न सांगितलेलं असतं. नाहीच बोलले तर “मग?” किंवा “पुढं?” एवढंच. तुमच्या तोंडून असा एकही शब्द निघता कामा नये जो त्यांच्या तोंडून आधी निघालेला नाही. ते ‘ती जागा’ म्हणाले तर तुम्हीही ‘ती जागा’ म्हणा. ‘स्वर्ग’, ‘यमलोक’, ‘पलीकडे’ असं त्याचं भाषांतर करू नका. मान डोलावण्यावरही ताबा ठेवा. एखाद्या वाक्याला डोळे मोठे केलेत की तो माणूस तसलीच आणखी वाक्यं देऊ लागतो. मी आता शेजारी, थोडा मागे बसतो, माझा चेहरा त्यांना दिसत नाही.

बोगदा आणि उजेड हे शब्द आपल्या डोक्यात आले कुठून तेही लक्षात असू द्या. रेमंड मूडी या अमेरिकन माणसाने १९७५ साली अशा अनुभवांतल्या समान गोष्टींचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ती यादी जगभर फिरते आहे. उलट बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ साली उत्तर भारतातले १६ अनुभव मांडले, त्यांत दूत येऊन घेऊन जातात, समोर वहीवाला असतो, चुकीच्या माणसाला आणल्याचं लक्षात येतं आणि परत पाठवतात. आपल्या आजीपणजीच्या तोंडी असलेली ‘नाव चुकलं म्हणून सोडलं’ ही गोष्ट याच जातीची आहे. मात्र म्हणून ‘यमदूत दिसले का?’ असंही विचारायचं नाही. आपला शब्द भरवणंही भरवणंच.

दुसरी फेरी अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर. यात मी तीन गोष्टी विचारतो. हे पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? तेव्हा काय शब्दांत सांगितलंत? यातलं तुम्हाला स्वतःला आठवतं ते कोणतं आणि नंतर दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळलं ते कोणतं? तिसरा प्रश्न ऐकून माणसं आधी गोंधळतात, मग फार प्रामाणिकपणे वेगळं करून देतात. “डॉक्टरांनी छातीवर मारलं हे पोरानं सांगितलं. घुंगरू माझं.” शक्य असेल तर ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्या माणसाचंही वेगळं बोलणं घ्या. असे अनुभव मोजण्यासाठीची ब्रूस ग्रेसन यांची १९८३ची १६ प्रश्नांची मोजपट्टी वापरायची असेल तर अगदी शेवटी, सगळं बोलून झाल्यावर वापरा. सुरुवातीला वाचून दाखवलीत तर ते सोळा आयते सुचवलेले शब्द झाले.

आणि ‘काहीच आठवत नाही’ हे उत्तर स्वीकारायला शिका. पिम व्हान लोमेल या हृदयरोगतज्ज्ञांनी नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून परत आलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं, तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. असा अनुभव सांगणारे निघाले ६२. बाकीच्यांना त्या वेळचं काही आठवत नव्हतं. म्हणजे रिकामं उत्तर हेच जास्त नेहमीचं आहे. त्या माणसाला पिळून अनुभव काढू नका. मी अशा तीन मुलाखती तशाच टाकल्या आहेत, आणि ‘माझ्या वडिलांनाही काही आठवत नाही, त्यांचं काही चुकलं का असं वाटत होतं’ असं लिहिणारे लोक मला त्यांच्याखाली भेटले.

डॉक्टरांना ऐकवणं

प्रत्येक रेकॉर्डिंग, परवानगी घेऊन, एका डॉक्टरांना ऐकवा. मला हे एका बाईंच्या बोलण्यामुळे कळलं. त्या जमिनीवर झोपलेल्या असताना त्यांना मण्यार चावली होती. पापण्या उघडेनात, बोट हलेना, आणि भोवती सगळे ‘गेली, गेली’ म्हणून रडताना त्यांना ऐकू येत होतं. मी हा मृत्यूनंतरचा अनुभव म्हणून मांडायला घेतला होता. डॉक्टरांनी थांबवलं. मण्यारीचं विष स्नायू लुळे करतं, पापण्या पडतात, श्वास चालवणारे स्नायूही बंद पडू शकतात; माणूस मेल्यासारखा दिसतो आणि आत जागा असू शकतो, सगळं ऐकतो. त्या बाई जिवंतच होत्या आणि व्हेंटिलेटरने त्यांना वेळेत श्वास दिला. आता त्या व्हिडिओची सुरुवातच या माहितीने होते. सापाच्या विषाने निपचित पडलेल्याला मेला समजून घरी ठेवू नका, हे त्यातून कुणाला कळलं तर बाकी कशापेक्षा ते मोठं आहे.

हृदय खरंच थांबलं होतं, की फक्त बेशुद्धी होती, की आयसीयूतल्या औषधांचा आणि भ्रमाचा काळ होता, हे कळलं असेल तेवढं व्हिडिओत सांगा. आत्मा आहे किंवा नाही हे सिद्ध करायला जाऊ नका. शीर्षकात ‘पुरावा’ हा शब्द नको.

काय दाखवायचं

खिडकीकडे पाठ करून बसवा, एक्स्पोजर खिडकीवर ठेवा, माणूस काळी आकृती होतो. बाजूने घेऊ नका, नाक आणि हनुवटी गावाला लगेच ओळखू येते. हात दाखवायला मलाही आवडतात, पण एका आजींच्या मनगटावरचं गोंदण मी तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीला कळलं की बोलतंय कोण. अंगठी, बांगड्या, गोंदण, तुटलेलं नख, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं तपासा. गाव, तारीख, दवाखाना यांची नावं आवाजातूनही काढा. अनुभवाचं चित्र काढायला जाऊ नका. बैलगाडी सांगितली म्हणून पडद्यावर बैलगाडी आली की बघणाऱ्याची स्वतःची बैलगाडी गेली. रिकामी खाट, ओसरी, चुलीवरचं पातेलं पुरे.

कुणाचा आवाज

शक्यतो त्यांचाच. आवाज जाड किंवा पातळ करून ओळख लपते असं मानू नका. बोलण्याची ढब तशीच राहते आणि स्वर पुन्हा मूळ जागी आणता येतो. खरंच गुप्त राहायचं असेल तर त्याच भागातल्या दुसऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द बोलवून घ्या आणि पडद्यावर तसं लिहा. यंत्राचा मराठी आवाज मी वापरत नाही. तो ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ वाचतो, पण बोलत नाही. वापरलातच तर सांगा. खऱ्यासारखा वाटणारा कृत्रिम मजकूर जाहीर करायचा नियम यूट्यूबने २०२४ साली केलाच आहे. पडद्यावरच्या ओळींतही बोली प्रमाण भाषेत बदलू नका.

एडिटिंगमध्ये खाकरणं, फोन, कुत्रं कापा. क्रम बदलू नका, आणि बोलण्याखाली संगीत नको, कारण कुठे रडायचं हे तेच सांगू लागतं. आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) आसपास ठेवा.

टाकण्याआधी त्या घरात बसून सगळ्यांसोबत पूर्ण बघा. कुणी म्हणालं की हे काढा, तर वाद न घालता काढा. वर्षाने म्हणाले तरी काढा. आणि निघताना एक पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे ठेवून या, त्यात कापलेला व्हिडिओ नको, तासाभराचं पूर्ण बोलणं असू द्या.