लावणीच्या दिवसांत पायाची खाज म्हणजे दरवेळी चिखल्याच नसतात, अंकुशकृमीचं पण बघा

तरवा काढायला आला, चिखलणी सुरू झाली की घरोघरी पायांची रड सुरू होते. बोटांच्या बेचक्यात आग, खाज, मग रात्री खोबरेल नाहीतर मेडिकलमधून आणलेलं कुठलंतरी मलम. बहुतेक वेळा त्या चिखल्याच असतात, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते, चिरा पडतात, वास येतो. पण कधी कधी यातलं काहीच नसतं, नुसते बारीक लाल पुरळ उठतात, बोटांच्या मधे नाहीतर तळव्याच्या कडेला, खाज मात्र अशी की खाजवून रक्त निघतं, आणि आठ-पंधरा दिवसांत सगळं आपोआप जातं. हे जे आपोआप जातं ना, त्याचीच जास्त काळजी करा, कारण अंकुशकृमीच्या (हुकवर्म, आतड्यात राहून रक्त पिणारा जंत) अळ्या तिथून आत शिरलेल्या असू शकतात.

आत शिरलेली अळी रक्तातून फुफ्फुसात जाते, तिथून वर घशाशी येते आणि थुंकीबरोबर आपणच ती गिळतो. मधल्या काळात थोडा कोरडा खोकला येतो, पण पावसात भिजलेल्या माणसाच्या खोकल्याकडे कोण बघतंय. मग लहान आतड्यात जाऊन ती चिकटते, सेंटीमीटरभर वाढते आणि रक्त प्यायला लागते. आपल्या देशात याच्या मुख्य दोन जाती, नेकेटर आणि अँकिलोस्टोमा. नेकेटरचा एक कृमी दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घालवतो, अँकिलोस्टोमाचा त्याच्या पाचपट. आकडा एवढासा वाटतो, पण पोटात नेकेटरचे शंभर कृमी असले तर महिन्याला ९० मिली, म्हणजे कटिंगचा ग्लास भरून रक्त गेलं, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं.

याचा सगळ्यात जास्त फटका बायकांना, कारण लावणी त्याच करतात आणि पाळी-बाळंतपणामुळे अंगात लोह आधीच कमी. चढ चढताना दम लागणं, छातीत धडधड, पाय जड होणं, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं, नखं मधे खोलगट होणं, ही लक्षणं दिसली की "कामाचा थकवा" म्हणून सोडू नका. खालची पापणी ओढून आरशात बघा, आतला भाग लालसर न दिसता फिका पांढरट दिसत असेल तर हिमोग्लोबिन करून घ्याच. पोरांची तर वाढच खुंटते, शाळेत लक्ष लागत नाही.

आता शेतात हा कृमी असतो कुठे? लोकांना वाटतं पाणी भरलेल्या खाचरात. तसं नाही, तुंबलेल्या पाण्यात अंड्यांना हवा मिळत नाही, ती नीट वाढत नाहीत. त्यांना ओली, सावलीतली, भुसभुशीत, जरा रेताड माती लागते. म्हणजे बांधाची कड, काजू-आंब्याखालचा पाचोळा, माडाची वाडी, गोव्याकडे कुळागर, आणि मुख्य म्हणजे लोक जिथे परसाकडे जातात ते झुडपांमागचे कोपरे. माणसाच्या विष्ठेतली अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडा-दहा दिवसांत अळी कातडीत शिरायला तयार, आणि ओलावा असला की पुढे तीन-चार आठवडे जिवंत राहते. गाई-म्हशींच्या शेणातून माणसाचा अंकुशकृमी येत नाही, तेव्हा शेणखताला उगाच दोष देऊ नका.

चपलांचं सांगायचं तर लावणीच्या चिखलात गमबूट रुततो हे मलाही माहितीये, तिथे सक्ती करण्यात अर्थ नाही. पण बांधावरून ये-जा, वाडीतली बेणणी, भाजीचे वाफे, इथे अनवाणी फिरायचं काहीच कारण नाही, प्लास्टिकचे बंद बूट घाला आणि हाताने माती उकरायची असेल तर हातमोजे. अळीला आत शिरायला काही मिनिटं पुरतात, त्यामुळे संध्याकाळी पाय धुतले की झालं असं समजू नका (तरी धुवा, बेचक्या पुसून कोरड्या करा, निदान चिखल्या तरी टळतील).

खरी मेख संडासाची आहे. बाहेरून मजूर आणता, पाल टाकून ठेवता, मग ते जाणार कुठे? आडोसा करून खड्ड्याचा संडास काढून द्या, विहिरीपासून लांब. घरच्या दोन खड्ड्यांच्या संडासातला भरलेला खड्डा बंद करून किमान वर्ष, जमलं तर दोन वर्षं तसाच ठेवा, मगच ते सोनखत शेतात घाला. सेप्टिक टँकचा ओला गाळ टँकरने थेट भाजीत सोडणारे महाभाग आहेत, कृपा करून ते करू नका.

औषध साधं आहे, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची. १ ते १९ वर्षांच्या पोरांना ती (दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धीच, चुरून) जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, अंगणवाडीत-शाळेत फुकट मिळते. पण दिवसभर मातीत राबणाऱ्या आईबापाला विचारतं कोण? म्हणून स्वतः उपकेंद्रात जा, आशाताईंना सांगा, शौचाचा ताजा नमुना तपासायला द्या. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही, नंतर डॉक्टर सांगतील तशी. सिंधुदुर्गाकडे लेप्टोच्या तापासाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सीसायक्लीन देतात, ती घेतलीय म्हणजे जंतांचं पण झालं असं नाही, ते औषध वेगळं. आणि हा कृमी पोटात पिल्लं वाढवत नाही, आत जेवढे आहेत तेवढे सगळे बाहेरून शिरलेले, त्यामुळे गोळी घेऊन परत तसंच अनवाणी फिरलात तर पुन्हा तेच.

जंत गेले म्हणून रक्त लगेच भरत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर उत्तम, चहाबरोबर अजिबात नको. त्यांनी शौच काळं होतं, घाबरून बंद करू नका. गोळ्या चालू नसताना काळं डांबरासारखं होत असेल तर मात्र लावणी राहू दे, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.