पार्कूरसाठी शूज घेताय? आधी उलटे करून बघा
पार्कूर म्हणजे भिंती, रेलिंग असे अडथळे उड्या मारत, चढत पार करणं, म्हणून दुकानात गेलात की आधी सोल बघा, डिझाइन नंतर. सोल सलग रबराचा हवा, मधे तळपायाच्या कमानीखाली कडक प्लास्टिकचा तुकडा असेल तर सरळ परत ठेवा कारण रेलिंगवर उडी घेताना कधीकधी नेमका तोच भाग टेकतो आणि पाय सटकतो. मग हाताने वाकवून बघा, पुढे सहज वाकला पाहिजे. जाड कुशनवाले रनिंग शूज मऊ लागतात खरे, पण पायाखाली काय आहे तेच कळत नाही, आणि लँडिंग तर शेवटी गुडघे वाकवूनच झेलायचं असतं ना! फेयुए या चिनी ब्रँडसारखे पातळ कापडी शूज बरेच जण वापरतात, पण नवशिक्यांनी थोडं कुशन असलेलेच घ्या. टाच घट्ट बसली पाहिजे. फार महागडे नकोच, भिंतीवर घासून सोल झिजतोच. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या भिंतीवर कुठलेच शूज चालत नाहीत बरं का.