माता-बाल आरोग्य कार्यकर्ती कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करावे

आरोग्य कार्यकर्तीच्या नोंदवहीत प्रसूतीनंतरच्या सगळ्या गृहभेटी भरलेल्या असतात, आणि वस्तीच्या टोकाला राहणारी बाळंतीण मात्र सांगते की आपल्याकडे कोणीच आले नाही. या दोन्हींतले अंतर मोजणे हे मूल्यमापनाचे पहिले काम आहे. म्हणून नोंदवही जरूर पाहावी, पण सुरुवात घरापासून करावी.

आधी कार्यक्रमाची साखळी एका कागदावर मांडावी: कार्यकर्तीला प्रशिक्षण, साहित्य आणि मानधन मिळते, ती वेळेवर घरी पोहोचते, तेथे योग्य तपासणी करते आणि सल्ला देते, कुटुंब त्याप्रमाणे वागते किंवा बाळाला दवाखान्यात नेते, आणि त्यातून आजार व मृत्यू कमी होतात. प्रत्येक कडीसाठी एक-दोन निर्देशक, म्हणजे ती कडी टिकली का हे दाखवणारे मोजमाप, पुरेत. निर्देशक नेमका असावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2009 च्या संयुक्त निवेदनानुसार घरी जन्मलेल्या बाळाची पहिली भेट 24 तासांच्या आत आणि दुसरी तिसऱ्या दिवशी व्हावी, तर दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची पहिली भेट ते घरी येताच शक्य तितक्या लवकर व्हावी. ‘महिन्यात किती भेटी झाल्या’ या आकड्यातून हे वेळेचे गणित कळत नाही. शिवाय भेटींची टक्केवारी काढताना भागाकार नोंदणी झालेल्या मातांच्या संख्येने न करता त्या भागातील सर्व जन्मांच्या संख्येने करावा, कारण नोंदणीतून सुटलेली स्त्री भेटीतूनही सुटलेली असण्याची शक्यता अधिक असते.

सर्वेक्षणासाठी घरांची यादी स्वतः तयार करावी. कार्यकर्तीने दाखवलेल्या घरांवर विसंबू नये. संपूर्ण क्षेत्राचे चित्र हवे असेल, तर लसीकरण सर्वेक्षणांत रूढ झालेली 30 समूह (गावे किंवा वस्त्या) आणि प्रत्येकी 7 बालके ही पद्धत उपयोगी पडते. कोणत्या पर्यवेक्षिकेचा भाग मागे आहे एवढेच ठरवायचे असेल, तर प्रत्येक भागातून यादृच्छिकपणे निवडलेली 19 कुटुंबे बहुधा पुरतात, मात्र त्यावरून त्या एका भागाची नेमकी टक्केवारी सांगू नये.

येथे एक चूक वारंवार होते आणि ती मला फार गंभीर वाटते. लहान मूल असलेली घरे शोधत गेलो, की ज्यांचे बाळ दगावले त्या माता आपोआप वगळल्या जातात. म्हणजे कार्यक्रम जिथे सर्वांत कमी पडला, तेथील साक्षच आपण घेत नाही. त्यामुळे निवड बालकांवरून न करता, गेल्या 12 महिन्यांत प्रसूत झालेल्या सर्व स्त्रियांमधून करावी. बाळ मृत जन्मले असे सांगितले गेल्यास, ते रडले होते का, श्वास घेतला होता का, हातपाय हलवले होते का, हे हळुवारपणे विचारावे, कारण जन्मानंतर काही मिनिटांत गेलेल्या बाळांची नोंद अनेकदा मृतजन्म म्हणून होते.

भेटीचा दर्जा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्यकर्ती बाळाचे श्वास मोजत असेल तेव्हा बाळ शांत आहे का, छाती उघडी केली आहे का आणि मोजणी पूर्ण एक मिनिट चालली का, हे पाहावे व त्याच मिनिटात आपणही मनात मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, 2 ते 11 महिन्यांत 50 किंवा अधिक आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, हे तिला आठवते का तेही तपासावे. वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर होता का? निरीक्षक समोर असताना प्रत्येकजण अधिक काळजी घेतो, म्हणून यात दिसते ती तिची उत्तमातली उत्तम क्षमता. त्यातही चूक झाली तर प्रशिक्षण अपुरे आहे. निरीक्षणात काम बरोबर दिसले आणि मातांच्या सांगण्यात मात्र ते आढळले नाही, तर कारण बहुधा कामाचा भार, अंतर, रिकामी पिशवी किंवा थकलेले मानधन यांत सापडते. तिची पिशवी तिच्या परवानगीने उघडून क्षारसंजीवनी आणि झिंक आहे का, मुदत संपली आहे का, हे पाहावे. तिच्याशी बोलताना पर्यवेक्षिका जवळ नसावी.

मृत्युदराबाबत घाई करू नये. वर्षाला 100 जन्म होणाऱ्या भागात एक नवजात मृत्यू कमी-जास्त झाला, तरी दर हजारी 10 ने बदलतो. गडचिरोलीतील अभ्यासावर विश्वास बसतो तो तुलनेमुळे: 39 गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी आणि तुलनेसाठी 47 गावे, दोन्हीकडे 1993 पासून जन्म-मृत्यूंची नोंद, 1995 पासून सेवा, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे 62 टक्क्यांची घट, तर तुलनेच्या गावांत तो जवळपास आहे तिथेच. अशी तुलना आणि इतके जन्म हाताशी नसतील, तर साखळीच्या मधल्या कड्यांवरच थांबावे आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

निष्कर्ष प्रथम कार्यकर्त्यांसमोर मांडावेत आणि त्यांचे स्पष्टीकरण अहवालात घ्यावे. मात्र ‘ती आली नाही’ असे सांगणाऱ्या मातेचे नाव वा घर कोणालाही कळता कामा नये. अन्यथा पुढच्या फेरीत, नव्याने निवडलेल्या कुटुंबांना तेच प्रश्न विचारताना, खरे उत्तर मिळणार नाही.