गंधक टाकूनही पीक पिवळेच? या चुका टाळा

सोयाबीनला पेरणीसोबत एकरी दहा किलो सल्फर दिले, पोत्यावर ठळक ९० टक्के लिहिलेले, आणि महिन्याभराने पाहावे तर शेंड्याची पाने पिवळीच. दुकानदार म्हणतो, अजून एक बॅग टाका. शेजारी म्हणतो, माल बोगस आहे. बहुतेक वेळा दोघांचेही चुकते. पोत्यातले पिवळे गंधक पिकाला घेताच येत नाही. मुळे ते सल्फेटच्या रूपात घेतात, आणि गंधकाचे सल्फेट मातीतले जिवाणू करतात. म्हणजे आपण सल्फर टाकतो ते जिवाणूंना, पिकाला नव्हे. हे विसरले की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात.

पिवळे दिसले की सल्फर

आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून शेंड्याकडे पाठवते. गंधकाची अशी हलवाहलव फारशी होत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते आणि पान शिरांसकट एकसारखे फिकट होते. शेंड्याचेच पान पिवळे, पण शिरा हिरव्यागार असतील तर ते लोहाचे दुखणे. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो हाच. तिथे सल्फरची बॅग ओतून त्या हंगामात काही हाती लागत नाही.

सोयाबीनमध्ये आणखी एक घोटाळा होतो. आठ दिवस झड लागली, रान चिबडले, की पीक पिवळे पडतेच. मुळांना हवा नाही, गाठीतले जिवाणू थंडावलेले. अशा वेळी काहीही टाकण्याआधी पाणी काढून द्या आणि वाफसा येऊ द्या. निम्मे पीक आपणहून हिरवे होते.

माती परीक्षणात उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) खाली असेल तर कमतरता धरतात. मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा घटकांत हा आकडा असतो, पण सामू (पीएच) आणि नत्र-स्फुरद-पालाश पाहून कागद घडी घालून ठेवला जातो. तो आकडाही थोडा जपून वाचावा. सल्फेट पाण्याबरोबर खाली उतरते, आणि नमुना आपण वरच्या वीतभर मातीचा घेतो. खोल काळ्या रानात वर कमी आणि दोन फुटांवर पुरेसे असे असू शकते. तिथे रोप लहानपणी फिकट दिसते आणि मूळ खाली पोचले की सावरते.

पोत्यावरचे ९० टक्के आजच मिळणार असे धरणे

सर्वात महागात पडणारी चूक ही. बाजारात गंधक दोन रूपांत मिळते. एक तयार सल्फेट: अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २४ टक्के गंधक, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ ते १२, २०:२०:०:१३ मध्ये नावातच आहे तसे १३, मॅग्नेशियम सल्फेटमध्ये १३ च्या आसपास, पोटॅशियम सल्फेटमध्ये साडेसतरा. हे विरघळले की मुळाला लगेच मिळते. दुसरे मूलद्रव्य गंधक: बेन्टोनाइट सल्फरच्या गोळ्या, डब्ल्यूडीजी (पाण्यात पसरणारे बारीक दाणे), आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘युरिया गोल्ड’वरचे आवरण. त्या युरियात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक आहे, पण हे गंधकही आवरणातलेच; त्याचे सल्फेट व्हायचे बाकी असते.

हे काम करणाऱ्या जिवाणूंत सर्वात गाजलेला थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स. सेलमन वॅक्समन आणि जेकब जॉफी यांनी १९२२ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल मिळाले ते हेच वॅक्समन. क्षयाच्या औषधाचे नाव निघाले की ते आठवतात, पण सल्फरच्या पोत्यामागेही त्यांचे नाव आहे हे कोणी सांगत नाही. २००० साली या जिवाणूचे नाव बदलून ॲसिडीथायोबॅसिलस झाले, आणि ते बरेच झाले. स्वतःच सल्फ्युरिक आम्ल तयार करतो आणि बहुतेक जीव टिकणार नाहीत इतक्या आंबट जागी मजेत राहतो. आपल्या विम्लधर्मी काळ्या मातीत मात्र सुरुवात तो एकटा करत नाही. साध्या सामूत वाढणारे इतर थायोबॅसिलस, सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू आणि बुरशा मिळून हे काम ओढतात.

याला किती दिवस लागतात? दाणा किती बारीक आहे त्यावर बरेच अवलंबून. जिवाणू गंधकाला बाहेरून कुरतडतात, म्हणून पिठासारख्या गंधकाचे काही आठवड्यांत बरेच सल्फेट होते, आणि न फुटलेली गोळी हंगाम संपला तरी नांगराच्या तासात पिवळीच सापडते. तीस अंशांच्या आसपास काम जोरात चालते, थंडीत मंदावते. म्हणून डिसेंबरात गव्हाला किंवा कांद्याला उभ्या पिकात बेन्टोनाइट सल्फर टाकून पंधरा दिवसांत फरक शोधणे व्यर्थ आहे.

नियम साधा ठेवा. मूलद्रव्य गंधक पेरणी-लागवडीच्या आधी किंवा बेसल डोसमध्ये, म्हणजे पेरणीसोबतच्या खतात. उभे पीक पिवळे पडले असेल तर अमोनियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट. माझे मत विचाराल तर कोरडवाहू सोयाबीन आणि भुईमुगाला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) ऐवजी सुपर फॉस्फेट घेतले तर सल्फरची वेगळी बॅग बहुधा लागतच नाही. सुपरच्या ५० किलोच्या एका पोत्यात साडेपाच किलोच्या वर गंधक येते, तेही तयार; डीएपीत ते जवळजवळ नसतेच. आपल्याकडे कमतरता वाढण्यात सुपर सोडून डीएपीकडे वळण्याचा वाटा मोठा आहे, आणि आता तीच उणीव आपण वेगळे पैसे देऊन भरतो.

जाता जाता द्राक्षवाल्यांसाठी: भुरीवर मारलेले ८० टक्के सल्फर अन्नद्रव्यात धरू नका, त्याचे काम पानावर बुरशी रोखण्याचे. पारा बत्तीसच्या वर गेला की ते पान करपवते. वाइनच्या द्राक्षांवर काढणीच्या तोंडाशी मारले, तर उरलेल्या गंधकाचा यीस्ट आंबवताना हायड्रोजन सल्फाइड करते आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो.

कोरड्यात फेकणे, खोल पुरणे, टाकीत ढवळणे

बेन्टोनाइट ही फुगणारी माती आहे. ओल मिळाली की गोळी फुगते, फुटते आणि गंधक मोकळे होते. कोरड्या रानावर वरून फेकलेली गोळी तशीच पडून राहते. पेरणी यंत्राने एका ओळीत दाटून पेरली तर फुटूनही जागच्या जागी ढेकूळ राहते, जिवाणूंना शिरायला जागा कमी. पसरून, वखराच्या पाळीने मातीत मिसळून, त्यावर पाऊस किंवा पाणी मिळाले की काम होते. या जिवाणूंना ओलही हवी आणि हवाही, दोन्ही एकत्र मिळते ते वाफशात.

बेन्टोनाइट सल्फर ठिबकच्या टाकीत टाकू नका. ते विरघळत नाही, तळाशी बसते आणि मग ड्रिपर उघडत बसावे लागते. ठिबकमधून गंधक द्यायचेच तर पोटॅशियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट द्या, आणि त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका. दोन्हींचे मिळून टाकीतच जिप्सम बसते.

काही बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असतो. तिथे नळ्यांत पांढरा, धाग्यासारखा चिकट थर साचतो. हे थायोथ्रिक्स आणि बेगियाटोआसारखे जिवाणू. पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड खाऊन ते पोटात गंधकाचे कण साठवतात. लोक यावर ॲसिड ट्रीटमेंट करतात. ॲसिडने चुन्याचा थर सुटतो, हा चिकटा नाही. त्याला क्लोरीनच लागते, आणि त्याआधी पाणी हौदात उंचावरून पाडून हवा खेळवली तर बराच वायू तिथेच निघून जातो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीही करू नका. निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा आहे.

सल्फरने सामू उतरवायला निघणे

हा गैरसमज कागदावर आकडेमोड केली की सुटतो. एकरभर रानाच्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. त्यात मुक्त चुना १० टक्के असेल, आणि आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात तो असतो, तर चुनाच झाला ९० हजार किलो. एक किलो गंधकापासून होणारे आम्ल सुमारे ३.१ किलो चुना संपवते. दहा किलो शुद्ध गंधकाने संपला ३१ किलो. सगळा चुना संपवायला लागेल २९ टन गंधक, एका एकराला! तोवर सामू फारसा हलत नाही.

मग चुनखडीत सल्फर द्यायचेच नाही का? द्या, पण वेगळ्या अपेक्षेने. गंधकाच्या कणाभोवतीची चिमूटभर माती काही काळ आंबट होते आणि तेवढ्यात लोह, जस्त, स्फुरद थोडे मोकळे होतात. फायदा तिथे आहे. शेणखतात मिसळून दिले तर जास्तच.

चोपण जमिनीचा हिशेब वेगळा. तिथे शत्रू सोडियम आहे आणि त्याला हटवायला कॅल्शियम लागते. जिप्सम ते थेट देते. मातीत चुना असेल तर गंधक जिवाणूंमार्फत आम्ल करून त्या चुन्यातूनच कॅल्शियम मोकळे करते. हिशेबाने एक टन गंधक म्हणजे सुमारे ५.४ टन जिप्सम. पण घट्ट, हवाबंद चोपण रानात हे जिवाणू रडतखडत चालतात, म्हणून घाई असेल तर जिप्समच बरे. आणि निचरा नसेल तर दोन्ही फुकट, सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाटच नसते. नुसत्या क्षारपड रानात, जिथे पांढरे मीठ फुलते पण माती चोपण नाही, जिप्समचेही काम नाही. तिथे निचऱ्याचे चर आणि मीठ धुवायला पाणी.

बाटलीतले जिवाणू

सल्फर ऑक्सिडायझिंग बॅक्टेरियाचे द्रावण विकत मिळते. वाईट नाही, पण रान चिबडलेले किंवा कोरडे ठणठणीत असेल तर बाटलीतले जिवाणूही तेच करतील जे मातीतले करतायत, म्हणजे काही नाही. गंधक नियमित मिळत गेले की मातीतले आपले जिवाणूच वाढतात. बाटली आणलीच तर तांब्याच्या बुरशीनाशकाच्या द्रावणात ती ओतू नका.

ताजे पाचट किंवा भुसकट गाडल्यावर लगेच पीक पिवळे पडते, त्यामागेही जिवाणूच असतात. कर्ब (कार्बन) भरपूर आणि गंधक थोडे, साधारण ४०० ला १ च्या पुढे प्रमाण गेले, की कुजवणारे जिवाणू मातीतले तयार सल्फेट स्वतःसाठी उचलतात. कुजणे पुढे सरकले की परत देतात. मातीतले बहुतेक गंधक असे सेंद्रिय रूपातच असते, त्यामुळे सेंद्रिय कर्ब घटलेल्या रानात सल्फरची ओरड जास्त, यात नवल नाही.

पाणी साचले की उलटा कारभार

हवा संपली की पाळी बदलते. आता जे जिवाणू पुढे येतात ते ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मार्टिनस बायरिंक यांनी १८९५ मध्ये नेदरलँड्समध्ये असा पहिला जिवाणू दाखवला. डिसल्फोव्हिब्रिओ हा जिवाणू त्याच गोतातला.

भाताच्या खाचरात हे रोजचे आहे. कोकणच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, ते या सल्फाइडला पकडून काळे आयर्न सल्फाइड करते आणि रोप वाचते. जिथे लोह कमी आणि कुजका पाला जास्त, तिथे वायू मुळांना मारतो. रोप उपटून पाहा. मुळांवर तांबूस लेप असेल तर ठीक, मूळ हवा सोडते आहे. मुळे काळी आणि सडका वास असेल तर पाणी काढून जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत सुकू द्या. पिवळे दिसते म्हणून तिथे अमोनियम सल्फेट टाकणे म्हणजे त्याच जिवाणूंना खाद्य.

वास गेला म्हणजे वायू गेला

इथे पीक नव्हे, माणूस जातो. गोबरगॅसची टाकी, स्लरीचा खड्डा, मळीचे पाणी साठवलेला हौद, शौचालयाची सेप्टिक टाकी, गाळ साचलेली जुनी विहीर: या सगळ्यांच्या तळाशी हेच जिवाणू असतात. हायड्रोजन सल्फाइड एक पीपीएमपेक्षा खूप कमी असतानाही नाकाला कळतो. पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. उतरणाऱ्याला वाटते, हवा झाली. ५०० च्या पुढे शुद्ध हरपते, हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत सगळे संपते. वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, आणि स्लरी ढवळली की बुडबुड्यांतला साठा एकदम सुटतो.

कंदील सोडून पाहायची जुनी रीत इथे फसवते. दिवा विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढेच कळते. माणूस मरेल इतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही दिवा तेवत राहतो, आणि खड्ड्यात मिथेन असेल तर भडका उडतो. पहिला पडला म्हणून दुसरा दोरी न बांधता उतरतो आणि एका घरातले दोघे-तिघे जातात, या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. वायू मोजायचे यंत्र, ब्लोअर, कमरेला दोर आणि वर दोन माणसे यांच्याशिवाय उतरू नका. आत कोणी पडलाच तर अग्निशमन दलाला बोलवा आणि ब्लोअरने हवा सोडा. श्वसन उपकरणाशिवाय मागे उडी नको.

गोबरगॅसवर इंजिन चालवणाऱ्यांचे तेल लवकर काळे होते, बेअरिंग खातात, तेही याच वायूने. गॅस लोखंडाच्या गंजक्या भुशातून गाळून घेतला की तो बराच अडतो. भुसा काळा पडला की बदलायचा. काढलेला भुसा मात्र पालापाचोळ्यावर किंवा गवताच्या गंजीजवळ टाकू नका: हवा लागली की आयर्न सल्फाइड तापते आणि पेट घेऊ शकते. उघड्यावर, मातीवर पातळ पसरून पाणी शिंपडत गंजू द्या. पुन्हा तांबूस झाला की तोच भुसा परत वापरता येतो.